पाहुण्यांसमोर केलेलं कौतुक

मंडळी, दुपारपासून डोकं चालंना झालंय, म्हणून इथं लिहितोय.

उचगावात दर रविवारी मी पोरांचा अभ्यास घेतो, हे तुम्हाला माहीत आहे. त्यातली नववीतली सुजाता गणितात सगळ्यांच्या पुढं. आज ती आली नाही, म्हणून वर्ग सुटल्यावर तिच्या घरी गेलो.

घरात पाहुणे बसलेले. सुजाता साडी नेसून चहा देत होती. काहीतरी पूजा असेल, असं मला वाटलं. मला बघून ती हसली.

एका म्हाताऱ्या पाहुण्यानं विचारलं, "सर, पोरगी कशी हाय?"

घरच्यांनी तिची शाळा थांबवू नये, म्हणून मी तोंडभरून कौतुक केलं. शहाणी आहे, कुणाला उलट बोलत नाही, धाकट्या पोरांना मायेनं सांभाळते.

"मग झालं की," म्हातारा म्हणाला. "सरांनीच सांगितल्यावर आणि काय बघायचं? फोडा सुपारी."

मी चहाचा कप खाली ठेवला. "अहो, ती नववीत आहे," एवढंच तोंडातून निघालं.

"तेवढं शिक्षण बास हाय की," म्हणत त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

दारापर्यंत आलेल्या तिच्या आईनं हात जोडले. "सर, तुमच्यामुळं जमलं बघा."

मागं सुजाता उभी होती. आता ती हसत नव्हती. मघाशी ती का हसली, ते मला गल्लीच्या टोकाला आल्यावर कळलं. तिला वाटलं होतं, सर आपल्याला सोडवायला आलेत.

उद्या सकाळी मी परत त्या दारात जाणार आहे. तुमच्यापैकी कोण येतंय माझ्यासोबत?