अण्णांनी गाडी पुढं नेली नाही

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, फौजेत एकदा हुकूम मोडला होता.
त्यांच्या जागी जो गेला, तो परत आला नाही.

अण्णा आज सकाळी गेले. लातूरच्या घरीच, खुर्चीत बसल्या बसल्या.

ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. आज लिहून टाकते, नाहीतर कधीच जमणार नाही.

अण्णा निलंगा तालुक्यातले. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आधी कित्येक महिने त्यांच्या गावात जमिनीतून आवाज यायचे. फळीवरची भांडी आपोआप वाजायची. अण्णा तेव्हा अठराचे.

आजोबांना म्हणाले, "आपण समदे बाहीर झोपू."
आजोबा म्हणाले, "गप घरात झोप. काही होत न्हाई."

अण्णांनी ऐकलं.

पहाटे भूकंपात घराचं मातीचं माळवद खाली आलं. अण्णांना दुपारी बाहेर काढलं. आजोबा आणि अण्णांची धाकटी बहीण गेले होते.

पुढच्या वर्षी अण्णा भरती झाले. फौजेत ड्रायव्हर.

दहा-बारा वर्षांनंतरची गोष्ट. पोस्टिंग पहाडात. तीन ट्रक, वरच्या चौकीला रेशन पोचवायचं. रस्ता एका गाडीपुरताच.
अण्णांचा ट्रक सगळ्यात पुढं. मागच्या ट्रकवर देगलूरचा बालाजी. अण्णांचा जिवाभावाचा दोस्त.

एका वळणाआधी अण्णांनी ब्रेक मारला.

पाऊस नव्हता. वारा नव्हता.
पण कड्यावरून बारीक खडी घरंगळत होती. थांबायची. परत सुरू व्हायची.

अण्णांनी इंजिन बंद करून कान दिला.
"तसाच आवाज होता," मला म्हणाले. "जमिनीच्या पोटातून येणारा."

मागच्या जीपमधून साहेब आले. कोवळेच होते, पंचवीस-सव्वीसचे. वायरलेसवर वरून सारखी विचारणा चाललेली.

"गाडी आगे लो."
"साब, पहाड गिरेगा. एक घंटा रुकते हैं."
"ये ऑर्डर है."
"नहीं ले जाऊंगा, साब."

सगळे जवान बघत होते. आता साहेबांनाही माघार घेता येईना.
त्यांनी अण्णांना खाली उतरवलं आणि त्याच ट्रकवर बालाजीला बसवलं.

बालाजीनं काचेतून अण्णांकडं एकदा पाहिलं. गिअर टाकला.

ट्रक वळणापर्यंत गेला, आणि कडाच सुटला.

खाली नदी होती.

हुकूम मोडल्याबद्दल अण्णांना अठ्ठावीस दिवसांची कैद झाली. रेकॉर्डवर लाल शाईची नोंद. शिपाई म्हणून गेले, शिपाई म्हणूनच रिटायर झाले.

मग माझ्या नीटच्या क्लाससाठी आम्ही लातूरला आलो. अण्णा क्लासच्या पोरांची व्हॅन चालवायचे. कैदेचं मला आईकडून थोडंफार माहीत होतं. एकदा जेवताना मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "अण्णा, तुमचंच बरोबर होतं. तुम्हाला तर मेडल द्यायला पाहिजे होतं."

त्यांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी हे सगळं सांगितलं. आणि शेवटी हे.

"साहेब जीपमधून यायच्या आधी बालाजी माझ्याकडं पळत आला होता. म्हणला, साहेबाला सांग क्लच गेला. गाडीच बंद म्हणलं की समदे थांबतेत. मी म्हणलो, खोटं कशाला बोलू? मी खरं बोलायलो ना."

हातातला घास त्यांनी ताटात ठेवला.

"खोटं बोललो असतो तर जगला असता गं. पण मला त्या दिवशी साहेबाच्या तोंडावर 'नाही' म्हणायचं होतं."

मी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. त्यांनी घेतला नाही.

कैदेनंतर पहिल्याच सुट्टीत ते देगलूरला गेले होते. बालाजीकाकांच्या बायकोला, अनुसयाकाकूंना, सगळं सांगितलं. क्लचचंसुद्धा.
काकू उठल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्यानंतर एक शब्द नाही. इतकी वर्षं.

आज सकाळी मी त्यांना फोन केला. "बरं" म्हणाल्या आणि ठेवला.

दुपारी आल्या. एसटीनं, एकट्या. अण्णांजवळ बसल्या. आईला म्हणाल्या,

"कागदावर नुसतं 'अपघात' लिहून आलं होतं. साहेब आला न्हाई, कुणीच आलं न्हाई. ह्यो एकटा घरी आला आन् खरं सांगून गेला. लई राग हाय मला ह्याचा. अजून हाय."

मग तांब्या मागितला, आणि अण्णांच्या तोंडात दोन थेंब पाणी घातलं.

अण्णा, निघा आता.
भरल्या मनानं निरोप.