काचकाकांचं गलबत

काचकाका म्युझियममध्ये गेले की वस्तूकडे सगळ्यात शेवटी बघत. आधी काच. मग काचेचे कोपरे, मग आतला दिवा, मग वस्तू ज्या खुंटीवर टेकवली आहे ती खुंटी, मग खुंटीचा स्क्रू. एवढं सगळं पास झालं तर वस्तू. सिंगापूरच्या एका म्युझियममध्ये त्यांनी मला एका मातीच्या घागरीसमोर इतका वेळ उभं केलं, की आत शिरलो तेव्हा दाढी गुळगुळीत होती आणि परतताना एमआरटी मेट्रोत लोक उठून मला जागा देत होते.

काकू गेल्यावर काका पुण्याहून सिंगापूरला, जुरोंग ईस्ट भागात मुलाकडे राहायला आले होते. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी मस्कतच्या एका छोट्या म्युझियममध्ये काढली होती. काचपेट्या बनवायच्या, स्टँड बनवायचे, जुन्या वस्तूंच्या प्रतिकृती करायच्या. मुलगा लोकांना सांगताना "बाबा गल्फमध्ये होते" एवढंच सांगे, जणू गल्फ म्हणजे एक मोठं ऑफिस आणि हे त्यातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर.

'अंदाजे' हा शब्द काकांना शिवीसारखा लागे. मी म्हणालो, "काका, आज म्युझियमला हजारभर माणसं होती," की लगेच प्रश्न, "मोजलंस?"

"नाही, अंदाजे."

"मग माणसं होती, एवढंच म्हण. दिसलं तेवढंच सांगावं रे."

आता मी हा असा. माझ्या वन-नॉर्थच्या ऑफिसात लिफ्ट दोन मिनिटं अडकली, तर मंडळात सांगेपर्यंत मी तिच्यात अख्खी रात्र काढून, दोघांचे जीव वाचवून बाहेर आलेलो असे. आमच्या मराठी मंडळाचा नियमच होता : मिल्याचं बोलणं दहाने भागून घ्यायचं. तरी काकांना मी का आवडायचो देव जाणे. "तू बोल," म्हणायचे, "मी भागाकार करत बसतो."

काका स्वतः बोलत ते फक्त ओमानबद्दल. दर शुक्रवारी सुट्टीला ते एखादा किल्ला नाहीतर म्युझियम गाठत. एका किल्ल्यात खजुराची पोती छतापर्यंत रचत, त्या वजनाने पाक निघे आणि जमिनीतल्या खाचांमधून वाहत खाली मडक्यात पडे. "त्या खाचेचा उतार मी बोट फिरवून पाहिला," काका सांगत, "काय बेतलाय!" त्यांच्या म्युझियमचा रखवालदार रोज सकाळी लोबान जाळी. त्या धुराने काचा धुरकटत, आणि काका रोज त्याच्याशी भांडून त्या पुसत. तो म्हणे, "तुला काच दिसते, मला पाहुणे दिसतात." हे सांगताना काका एवढे हसत की चष्मा काढावा लागे.

आणि गलबत. जुन्या अरबी गलबतांना खिळे नसत, फळ्या काथ्याने शिवलेल्या असत. तसंच हातभर लांबीचं गलबत काकांनी आठ महिने खपून शिवलं होतं. सागवानी फळ्या, सुईच्या जाडीची भोकं, काथ्याचा दोरा. म्युझियमने ते मधल्या दालनात ठेवलं. पेटीवर गलबताच्या जातीचं नाव होतं, कोणत्या शतकातलं तेही होतं. करणाऱ्याचं नव्हतं. "लावत नाहीत," काका म्हणायचे. तक्रार नाही, माहिती म्हणून.

मला कंपनीने चार दिवसांसाठी मस्कतला पाठवलं तेव्हा काका एवढंच म्हणाले, "जमलं तर बघून ये, अजून आहे का. नाही जमलं तर नाही जमलं म्हण."

मी गेलो नाही. तीन दिवस मीटिंगा होत्या, आणि चौथा अख्खा दिवस मोकळा होता. हॉटेलच्या तलावाकाठी मी खजूर खात पडून राहिलो. या वाक्याला दहाने भागू नका.

परतल्यावर गणपतीला कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये सगळे जमले होते. कुणीतरी म्हणालं, "मिल्या, मस्कतला काय काय फेकून आलास?" काका समोरच मोदक घेऊन बसलेले. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि माझं तोंड सुटलं. म्युझियमचं दार तीन हत्ती जातील एवढं. झुंबर असं, की खाली उभं राहिलं तर उन्हासारखा चटका बसावा. फोटो काढायला गेलो तर रखवालदाराने फोन हिसकावला, त्यामुळे पुरावा नाही. आणि मधल्या दालनात काकांचं गलबत! लोक हसत होते. तेवढ्यावर थांबलो असतो तर आज हे लिहावं लागलं नसतं. पण टाळी हवी होती. मी म्हणालो, "आणि काका, पेटीवर पितळी पाटी आहे. तुमच्या नावाची!"

टाळ्या झाल्या. काकांचा मुलगा उठून त्यांच्याजवळ आला. काकांनी मोदक खाली ठेवला.

"कुठल्या बाजूला रे?"

"डावीकडे," मी म्हणालो.

त्या दिवशी काकांनी भागाकार केला नाही.

आठवड्याभरात कळलं, डिसेंबरच्या सुट्टीत काका नातीला घेऊन मस्कतला निघालेत. सई दहा वर्षांची. तिने शाळेतही सांगून टाकलं होतं, माझ्या आजोबांचं नाव म्युझियममध्ये आहे. मी मरीन परेडच्या माझ्या घरून दोनदा जुरोंग ईस्टला गेलो, खरं सांगायलाच. पहिल्या वेळी काका सईला काथ्याची गाठ शिकवत होते. दुसऱ्या वेळी म्हणाले, "बरं झालं आलास, तुझ्यामुळे चाललोय बघ." मी चहा पिऊन परत आलो. मग रोज प्रार्थना केली, की विमान रद्द होवो, म्युझियमला कुलूप लागो. काहीच झालं नाही. ते गेले.

संक्रांतीला मंडळ परत जमलं. सगळे काकांभोवती. "काका, पाहिलं का?"

काका म्हणाले, "पाहिलं. गलबत आहे, पाटी आहे. मिलिंद म्हणाला तसंच."

लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. "अरे मिल्या, आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललास!" हातातला तिळगूळ मी तसाच खिशात टाकला. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये आलो तर तिथे सई उभी.

"अंकल, देअर इज नो बोट लाह."

म्युझियम नव्याने मांडलं होतं, तिने सांगितलं. आजोबांनी तीन ठिकाणी विचारलं. शेवटी एका बाईंनी जुनी वही काढून पाहिली. गलबताला वाळवी लागली होती, कधीच टाकून दिलं. आजोबा बाकावर बसले. मग उठून एका रिकाम्या पेटीची काच रुमालाने पुसली. "आजोबा म्हणाले, अंकलनी पाहिलं तेव्हा असेल, आपल्याला उशीर झाला. बट द आंटी सेड मेनी इयर्स ऑलरेडी." तिने माझ्याकडे पाहिलं. "सो हाऊ यू सॉ, अंकल?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळत नव्हतं. मला आयुष्यात उत्तर सुचलं नाही असं कधी झालं नव्हतं, आणि त्या वेळीही पाच-सहा सुचली. ती सगळी सोडली. "मी गेलोच नव्हतो, सई," मी म्हणालो.

"देन यू टेल आजोबा," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

काका लिफ्टपाशी आले तेव्हा मी सांगितलं. ते म्हणाले, "माहीत आहे. पाटी म्हणालास तेव्हाच कळायला हवं होतं. लावत नाहीत हे मलाच ठाऊक. म्हटलं, आता लावत असतील."

"मग आत सगळ्यांसमोर असं का सांगितलंत?"

"एवढ्या लोकांत तुझं तोंड पडलं असतं." लिफ्ट आली. "मी आता जाऊन खरं सांगतो," मी म्हणालो. काकांनी माझा दंड धरला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "आता गप्प बसायचं. मी बोलून बसलोय. तू खरा झालास तर मी खोटा ठरेन."

पुढे दोन वर्षांनी काका पुण्याला परतले आणि तिथेच गेले. मंडळाने फंक्शन रूममध्ये शोकसभा ठेवली. शेवटी कुणीतरी म्हणालं, "मिलिंद, ते पाटीचं सांग ना." सई पहिल्या रांगेत बसलेली. मी उभा राहिलो आणि सांगितलं. दार, झुंबर, गलबत, डावीकडची पाटी. लोकांनी डोळे पुसले. सई खाली बघत होती.

सभा संपल्यावर ती माझ्याजवळ आली नाही. अलीकडे मीच तिला फोन केला, हे लिहू का म्हणून विचारलं.  ती म्हणाली, "लिहा. पण काचकाका नको. पूर्ण नाव."

दिनकर गोविंद मेस्त्री. मस्कतच्या त्या म्युझियममधलं शिवलेलं गलबत त्यांनी केलं होतं. मी ते पाहिलेलं नाही.