आत घेतलेली शिवण

मास्तरांच्या दुकानात माणूस कधी जाड होत नसे आणि कधी बारीकही होत नसे. जे काय व्हायचं ते कापडाचं व्हायचं. कोपऱ्यावरचा बेकरीवाला दर वर्षी तीच पँट घेऊन यायचा आणि म्हणायचा, "मास्तर, कमरेत जरा आटलीय हो." मास्तर गंभीर चेहऱ्याने पँट उलटी करायचे, शिवण चाचपायचे आणि म्हणायचे, "आटणारच. हल्लीचे साबण काय साबण आहेत?" पँट सैल करून मिळायची आणि बेकरीवाला समाधानाने घरी जायचा. कोणी आजारातून उठलं, अंगावरचे कपडे लोंबायला लागले, की मास्तर म्हणायचे, "कापड सैल पडलंय. धुण्यात ताणलं गेलं असणार." बिचारं कापड! त्याला तोंड नाही म्हणून बरं.

हे त्यांच्या उस्तादांनी शिकवलेलं होतं. माप खडूला सांगावं, गिऱ्हाइकाच्या कानाला सांगू नये. माणूस दुकानात कपडा द्यायला येतो, शरीराचा हिशेब ऐकायला नाही. शिकाऊ मास्तरांच्या तोंडात तेव्हा टाचण्या असायच्या, त्यामुळे हा नियम पाळणं सोपं गेलं. पुढे टाचण्या लावायला मनगटावरची उशी आली, तरी तोंड मिटलेलंच राहिलं. त्यांची बोटं मात्र सगळं जाणत. कोणाचा खांदा उतरलाय, कोणाचं पोट सुटतंय, कोणाला पाठीचं दुखणं आहे, हे टेप लावायच्या आधीच त्यांना कळायचं. कळायचं आणि पोटात राहायचं. गल्लीतले लोक म्हणायचे, मास्तरांसारखा माणूस नाही. ते खरंही होतं.

घर दुकानाच्या मागच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. घरात मास्तर, त्यांचे वडील आबा, थोरला मुलगा, धाकटी मुलगी आणि मास्तरांची बायको. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची, म्हणून आपणही वहिनीच म्हणू.

हे घर तब्येतीला फार जपणारं. आबांना साखरेचा आजार, तर त्यांचं जेवण वेगळं. थोरला व्यायामशाळेत जायचा, त्याला उकडलेली अंडी लागायची आणि तीही फक्त पांढरी. धाकटी एका कार्यालयात कामाला होती. तिने फोनवर वाचून वाचून भात सोडला होता, मीठ सोडल्यात जमा होतं, आणि ती गाळलेल्या भाज्यांच्या सूपवर राहायची. खुद्द मास्तरांना पित्ताचा त्रास, त्यांना तिखट चालत नसे. चार माणसं, चार पथ्यं, चार पातेली. ओट्यावर कुठलं पातेलं कोणाचं हे फक्त वहिनींना ठाऊक असायचं. अंड्यातलं पिवळं कोणीच खायचं नाही, ते जिन्याखालच्या मांजराच्या पोटात जायचं. ते मांजर असं गुबगुबीत झालं होतं की त्याला जिना चढायचं जिवावर यायचं.

शेजारीपाजारी कौतुक करायचे. "घर असावं तर असं! कोणी अरबट चरबट खात नाही." मास्तरांनाही अभिमान वाटायचा. आबांची साखर आटोक्यात आली होती, थोरल्याचे दंड शर्टाच्या बाहीत मावत नव्हते, धाकटीचा चेहरा तजेलदार दिसायचा, मास्तरांचं पित्त शांत होतं. आता घरात पाच माणसं असताना पथ्यं चारच का, हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही. हुशार माणसं होती सगळी, पण नाही आला.

वहिनी अधूनमधून दुपारी दुकानात यायच्या. हातात पिशवी आणि पिशवीत स्वतःचा एखादा ड्रेस. "अहो, हा जरा आत घ्या. फार ढगळ वाटतो." मास्तर मान डोलवायचे, जुन्या शिवणीच्या आत बोटभर अंतरावर नवी शिवण मारायचे आणि ड्रेस परत द्यायचे. "कापड सैल पडलंय," ते सवयीने म्हणायचे. वहिनी क्षणभर त्यांच्याकडे बघायच्या, मग "असेल" म्हणून पिशवी उचलून जायच्या. जाताना जिन्याच्या वळणावर थांबायच्या आणि पर्समध्ये किल्ली शोधायच्या. किल्ली हातातच असायची. पण जिना चढताना लागलेली धाप लपवायला माणसाला काहीतरी शोधावं लागतं.

मग एके दिवशी त्या निळा ड्रेस घेऊन आल्या. दुकानात गर्दी नव्हती. वहिनी ठेवून गेल्या आणि मास्तरांनी ड्रेस उलटा केला. आत घेतलेलं जादा कापड त्यांनी कधी कापलेलं नव्हतं. ते कोणाचंच कापत नसत, कारण माणूस उद्या पुन्हा भरेल ही आशा धंद्यात ठेवावीच लागते. पण त्या कापडाचा आता एवढा जाड थर झाला होता की नवी शिवण सरळ बसेना. नाइलाजाने त्यांनी आधीच्या सगळ्या शिवणी उसवायला घेतल्या. एक उसवली, तिच्या बाहेर दुसरी. ती उसवली, तिच्या बाहेर आणखी एक. दोरे काढून त्यांनी कापड टेबलावर सपाट पसरलं, तर सुईच्या भोकांच्या ओळी दिसल्या. ओळीमागे ओळ, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा आत सरकलेली.

मास्तरांनी कापडाला हात लावून पाहिला. हे कापड त्यांनीच ठाणातून निवडून आणलं होतं. पक्कं सुती, धुऊन धुऊन विटेल पण तसूभर सैल पडणार नाही असं. जगाला सांगितलेली थाप त्यांनी स्वतः खरी मानली होती, आणि तीही कोणाच्या बाबतीत? अशा वेळी माणसाने कपाळावर हात मारून घ्यावा, पण मास्तरांना तेवढंही सुचलं नाही. त्यांनी भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि घर गाठलं.

वहिनी स्वयंपाकघरात उभ्या होत्या. धाकटीच्या सूपचा गाळणीत राहिलेला चोथा चमच्याने खात होत्या.

"हे काय? जेवली नाहीस?" मास्तर म्हणाले.

"हे काय, जेवतेच आहे की."

"उभ्याने?"

"चार पातेल्यांची चव बघता बघता पोट भरतं हो. मग वेगळं काही नकोसं वाटतं. तुम्ही या वेळेला घरी कसे?"

मास्तर दारातच उभे राहिले. जे वाक्य त्यांनी आयुष्यात कोणाला ऐकवलं नव्हतं, ते त्यांच्या तोंडून अडखळत बाहेर आलं. "अगं, ते कापड सैल पडलेलं नाही. तू बारीक झालीस. फार बारीक झालीस."

वहिनींनी चमचा गाळणीत ठेवला. "बोललात एकदाचे," एवढंच त्या म्हणाल्या, आणि नळ सोडून गाळणी धुवायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी वहिनींचे डोळे पाहिले, नखं पाहिली आणि विचारलं, "सकाळी काय खाता?"

"चहा."

"आणि?"

वहिनी विचारात पडल्या. मास्तर मदतीला धावले. "म्हणजे आमच्याकडे सगळं वेळच्या वेळी असतं. आबांना सकाळी नाचणी, थोरल्याला अंडी, धाकटीला..."

"त्यांचं नाही विचारलं मी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या काय खातात?"

मास्तरांना सांगता येईना. गंमत म्हणजे वहिनींनाही सांगता येईना.

रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट येईपर्यंत मास्तरांचं कशात लक्ष लागेना. नाही नाही ते आजार डोक्यात घोळायचे. बेकरीवाल्याच्या शर्टाची डावी बाही त्यांनी उजवीकडे जोडली, आणि ते त्यानेच दाखवून दिलं तेव्हा कळलं. त्याने स्वतःहून सांगितलं, "असू द्या मास्तर, नंतर नेतो."

रिपोर्टमध्ये दुसरं वाईट काही निघालं नाही. रक्त मात्र अगदीच कमी होतं. "वेळेवर आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्या मी देते. पण भरवायला मी येणार नाही. घरात साखरेचे पेशंट आहेत ना? त्यांचं जेवण बहुतेक सगळ्यांनाच मानवेल. डाळ, पालेभाजी, अंडं, थोडा भात, एखादं फळ. एकच स्वयंपाक करा आणि एकत्र बसून जेवा. यांना आधी वाढा."

त्या संध्याकाळी मास्तरांनी सगळ्यांना टेबलाशी बसवलं आणि रिपोर्ट वाचून दाखवला. धाकटीचा चेहरा उतरला. आबा म्हणाले, "मला वाटायचं, सूनबाई आमच्या आधी जेवून घेते."

थोरला म्हणाला, "मला वाटायचं, आमच्या नंतर जेवते."

"आई, तू कधी बोललीच नाहीस," धाकटी म्हणाली आणि तिला रडू फुटलं. वहिनी तिची समजूत काढायला उठल्या, तेव्हा मास्तर जवळजवळ ओरडले, "तू बस!" त्या बसल्या. घरात मास्तरांचा आवाज चढलेला आबांनीसुद्धा बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.

लगेच सगळं सुतासारखं सरळ झालं, असं काही नाही. थोरल्याला भाज्या चिरायला दिल्या, तर गाजराचे तुकडे एवढाले, की शिजायला आख्खा गॅस संपावा. धाकटीने मिठाचा हात इतका आखडता घेतला, की आबा म्हणाले, "पोरी, मला साखर बंद आहे, मीठ नाही!" दोन दिवस कुरबुर, तिसऱ्या दिवशी भांडण, चौथ्या दिवशी डाळ करपली. पण सगळं एकाच पातेल्यात करपलं, हेही काही कमी नव्हतं. वहिनींच्या ताटात आता आख्खं अंडं पडू लागलं, पिवळ्यासकट. या सगळ्या प्रकरणात नुकसान झालं ते एकट्या मांजराचं.

हळूहळू वहिनींच्या चेहऱ्यावर रंग आला. जिन्याच्या वळणावर थांबणं कमी झालं. एका रविवारी सकाळी दोघं नवराबायको खिडकीपाशी पालक निवडत बसले होते. मुलं बाजारात गेली होती, आबा आतल्या खोलीत पेपर वाचत होते. मास्तरांच्या मनात बरेच दिवस घोळत होतं ते शेवटी त्यांनी विचारलं.

"तुला कळत होतं ना, की तू वाळत चाललीस?"

"घरात आरसा आहे हो आपल्या."

"मग मला सांगायचंस की!"

वहिनींनी एक पिवळं पान खुडून बाजूला टाकलं. "सांगतच होते. लग्नानंतर पहिली काही वर्षं तुमच्या दुकानातली निम्मी शिलाई मी करायचे, आठवतंय ना? घरात मशीन आहे. ड्रेस आत घ्यायला मला शिंपी कशाला लागतो?"

मास्तरांच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"दर वेळी वाटायचं, आता तरी विचारतील," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्यामुळेच ते ऐकणं जड गेलं. "तुमच्या बोटांना कळलं नसेल, असं मला एकदाही वाटलं नाही."

मास्तरांनी विचारलं, "मग रागावली का नाहीस माझ्यावर?"

"जेवायला वेळ मिळत नव्हता," वहिनी म्हणाल्या, "रागवायला कुठून काढणार?" आणि त्या हसल्या.

मास्तरांना हसता आलं नाही. त्यांनी पालकाची जुडी खाली ठेवली, बायकोचा हात हातात घेतला, आणि माप न घेता तो तसाच धरून ठेवला.