पंजाबरावचं वाटीभर ड्रेसिंग

उंद्रीच्या पंजाबरावनं चार माणसांपुरतं काही रांधल्याचं कोणी पाहिलेलं नाही, रांधायचं ते गावापुरतं. लग्न असो की बारसं, चुलाण पेटलं की गडी हजर. विहारातली बुद्धपौर्णिमेची खीर तर त्यानंच करायची, पळी दुसऱ्याच्या हाती जाणं नाही.

यंदा मात्र त्याच्या रक्तातली साखर वाढली, आणि चिखलीला नर्स असलेली लेक मंजुश्री अडून बसली.

"बाबा, पौर्णिमेपर्यंत रोज काकडी, गाजर, टमाटे. गोडाचा एक घास जरी पोटात गेला, तर खिरीच्या कढईजवळ उभं नाही राहू देणार."

"कोरडा पाला कोण खाते वं?"

म्हणून तिनं फोनवर पाल्यावर घालायचं ड्रेसिंग सांगितलं. दही, जवसाचं तेल, लिंबू, लसूण, मोहरीची पूड, वाटीभर घोटा.

वाटीभर म्हणे! दही आंबट लागलं म्हणून यानं तेल वाढवलं, तेल तरंगलं म्हणून पुन्हा दही. दुपारपर्यंत मोठा गंज काठोकाठ भरला. चव मात्र झकास उतरली. मग आळीत घरोघरी वाट्या पाठवल्या.

आता शेजारची वाटी रिकामी परत करायची म्हणजे आपलंच नाक कापून घ्यायचं. संध्याकाळी वाट्या आल्या त्या आमरसाच्या, शिऱ्याच्या, शेवयांच्या. पंजाबरावला हे आधी सुचलंच नव्हतं म्हणे. ठेवा बापडे विश्वास.

मंजुश्री घरी आली तेव्हा ओट्यावर एक वाटी चाटूनपुसून लख्ख होती.

"हे काय, बाबा?"

"शेजारच्या झुंबरबाईनं रिकामीच धाडली."

नेमकी झुंबरबाई दारात उभी, आणखी थोडं ड्रेसिंग मागायला आलेली. तिचा चेहरा पार उतरला. "भाऊ, म्या रिकामी वाटी धाडली?"

पंजाबरावच्या तोंडचं पाणी पळालं. खिरीचा मान राखावा तर शेजारणीची अब्रू जाते.

"नाही वं बाई. वाटीतला आमरस मीच पेलो," तो खालमानेनं म्हणाला. "मंजू, यंदा खिरीचं दुसऱ्या कोणाले सांग."

मंजुश्रीनं झुंबरबाईची वाटी भरून दिली. मग काकडीवर ड्रेसिंग ओतून ताट बापापुढं सरकवलं. तो मुकाट्यानं खाऊ लागला. त्याच्याकडे पाहून तिला भरून आलं.

"खीर तुमीच करा," ती म्हणाली. "पण चव मी पाहीन."

"तुले काय समजते त्यातलं?"

"तुमच्याजवळ उभी राहून शिकीन."

पंजाबरावनं घास गिळला. "मंग पौर्णिमेले पहाटेच ये," तो म्हणाला. "पळी पहिल्यापासून तुह्याच हातात देतो."