न विचारता बसवलेली शेगडी

केसरबाई गॅसला भितात, अशी आमच्या गल्लीत आवई आहे. नव्या शेगडीचा भप्पकन जाळ झाला आणि बाई पदर सावरत जी पळाली ती थेट बाहेरच्या नळापाशी, असं सांगतात. सांगताना पळूनही दाखवतात. नक्कल अगदीच वाईट करतात; केसरबाईंचा आवाज हुबेहूब काढावा तो मीच, गल्लीत आणि शाळेतही.

सगळं खोटं. केसरबाईंकडं गॅस आला तेव्हा गल्लीत निम्म्या घरांत चूल होती. नवरा गेल्यावर त्याच गॅसवर कडक भाकरी करून, दुकानांना घालून त्यांनी पोराला, यशपालदादाला शिकवलं. विटांच्या बुटक्या ओट्यावर शेगडी, समोर काठवट आणि पाटावर बाई. उभ्यानं भाकरी थापणाऱ्यांबद्दल त्यांचं मत ठरलेलं: "ती काय भाकर हाय? ष्टँडवर उभ्या उभ्या च्या पिल्यागत!"

त्या दिवशी त्या नळापाशी गेल्या खऱ्या. पण भिऊन नाही.

गॅसची नळी जुनी झाली म्हणून दादानं अतीकला बोलावलं होतं. अतीक शेगड्या बसवतो, आणि ज्या घरात जातो तिथं जेवतो. तो उकिडवा बसला, वाकून बघितलं, मान हलवली. "मावशी, ये नै चलता. शेगडी सिलेंडरच्या वर पाहिजे. गॅस सुटला तर खालीच साचतो, आणि तुमचा जाळ बी खालीच."

"बघू की," केसरबाई म्हणाल्या.

त्यांच्या 'बघू की'चा अर्थ विचार करते, असा असतो. दादानं तो नकार धरला. दादा ऑफिसात असतो, त्याचं प्रत्येक वाक्य 'ॲक्चुअली'नं सुरू होतं. थोड्या दिवसांनी तो म्हणाला, "ॲक्चुअली आई, करमाळ्याची शेवंतामावशी लई आजारी आहे. तुझी सारखी आठवण काढतेय."

बाई भाकरीचं गाठोडं घेऊन निघाल्या. एसटीत डोळ्याला पदर. करमाळ्यात पोचल्या तर शेवंतामावशी अंगणात चिंच फोडत बसलेल्या, ठणठणीत. "अगं बया, न सांगता आलीस?"

केसरबाईंनी बहिणीला पोराचं खोटं कळू दिलं नाही. "तुला बघावं वाटलं," एवढंच म्हणाल्या.

दोन दिवसांनी परतल्या, तर बुटका ओटा गायब. कमरेएवढा काळा ग्रॅनाइटचा ओटा, त्यावर चकचकीत शेगडी, खाली उभा सिलेंडर, नवी केशरी नळी. दादा, त्याची बायको बुद्धप्रिया आणि अतीक फोटोला उभे राहिल्यासारखे ओळीत. दादानं जाळ लावून दाखवला.

बाईंनी ग्रॅनाइटवरून हात फिरवला. "काठवट कुटं हाय?"

"माळ्यावर. ॲक्चुअली, आता तुला भाकऱ्या करायची गरजच नाही आई."

"शेवंता बरी हाय," बाई म्हणाल्या आणि बाहेर नळाच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या.

माणसं जमली, काय झालं विचारायला लागली.  दादा हसून म्हणाला, "काही नाही हो, आई गॅसला भिते." म्हणजे आवई उठली ती पोटच्या पोराच्या तोंडून, आईच्या देखत.

अतीक चपला हातात घेऊन मागून आला. "मावशी, दादा मेरेकू बोल्या तुमकू मालूम है."

"माज्या ताटात जेवलास की रं. एक फोन झाला न्हाय तुला?"

अतीकनं चपला खाली ठेवून कान धरले. 

शेगडी मात्र बाईंनी हलवली नाही. "काम बरोबर हाय त्येचं. पर मला इचारायचं की! आणि वर भिते म्हून सांगतोय." त्यांनी महेश्वर गवंड्याला बोलावलं आणि सिलेंडरची बाजू मोकळी सोडून ओट्यासमोर उंच कट्टा बांधून घेतला, चढायला दोन पायऱ्यांसकट. आता त्या वर मांडी घालून बसतात, शेगडी पहिल्यासारखी समोर. अतीकला बोलावून नळी, खिडकी, अंतर सगळं तपासून घेतलं. "अब बरोब्बर," तो म्हणाला. चहा मिळाला त्याला. भाकरी नाही मिळाली.

दादाशी मात्र एक शब्द नाही. आई गॅसला भीत नाही, हे त्यानं त्याच नळापाशी उभं राहून सांगायचं, मगच बोलणार.

मी म्हटलं, "मावशी, दादा समोर जेवायला बसला की तुम्ही विरघळणार."

"लाव पैज. त्यो जेवून उठस्तोवर बोलले तर तू जिकलीस. न्हाय तर माजा आवाज काढायचा न्हाय. गल्लीत न्हाय, शाळंत न्हाय."

मी हसत हो म्हटलं.

कट्ट्यावरच्या पहिल्या भाकरीला दादा आला. ताटात भाकरी पडली, शेंगाचटणी पडली, वर तेल पडलं. "ॲक्चुअली, चुकलंच माझं," तो म्हणाला. बाई पुढची भाकरी थापत होत्या. थाप, थाप, थाप.

"आई, बोल की काहीतरी." यात ॲक्चुअली नव्हतं.

बाईंचे ओठ हलले. मी उंबऱ्यावर उड्याच मारणार होते. त्यांनी पोळलेल्या बोटावर फुंकर घातली.

दादा अर्धी भाकरी ताटात ठेवून उठला. नळापर्यंत तो अजून गेलेला नाही.

आणि मी हरले. म्हणून केसरबाईंचा आवाज आता तोंडानं काढत नाही. कागदावर काढायचा नाही, असं काही ठरलं नव्हतं.