थोरल्या जाऊबाई पुन्हा पळू लागल्या

देवाने माणसाला पाय कशासाठी दिले, हा प्रश्न माझ्या थोरल्या जाऊबाईंना कधी पडला नाही. पाय पळण्यासाठी असतात, चालणं ही मधली विश्रांती आणि उभं राहणं हा निव्वळ आळस, अशी त्यांची पक्की समजूत होती. वाण्याच्या दुकानात उभ्या असल्या तरी त्या जागच्या जागी टाचा उचलत राहायच्या, आणि पुढच्या गृहस्थांना आपणच उशीर करतोय असं वाटून ते बिचारे बाजूला सरकायचे. पोळ्या अशा लाटायच्या की तव्याला दम लागावा. कुणाकडे सत्यनारायणाला गेल्या, तर भटजी तिसऱ्या अध्यायावर असताना या मनातल्या मनात पाचवा संपवून चपला शोधत असायच्या.

आणि अशा या बाई लग्नानंतर वीसेक वर्षं एक पाऊलही पळाल्या नव्हत्या. माहेर कऱ्हाडकडचं. शाळेत असताना धावण्याच्या शर्यतीत त्यांच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मग मॅट्रिक, मग लग्न, मग परळची दोन खोल्यांची जागा. तिथे स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत पळायचं म्हटलं, तरी वाटेत कुणी ना कुणी झोपलेलं असायचं. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत थोरल्या दिरांचा कारखाना रबाळ्याला गेला आणि दोन्ही भावांनी नेरुळला समोरासमोरचे फ्लॅट घेतले. तेव्हाचं नेरुळ म्हणजे रुंद रस्ते, छत्रीच्या काडीएवढी झाडं आणि माणसाचा पत्ता नाही. जाऊबाई रोज सकाळी बाल्कनीत उभ्या राहून खाली बघायच्या. एक दिवस मला म्हणाल्या, "एवढा मोठा रस्ता, आणि सकाळी कुणी वापरत नाही गं. नुसता वाया चाललाय."

वाया जाणं त्यांना सोसत नसे. जुन्या साडीची गोधडी, गोधडीचं पायपुसणं, पायपुसण्याचं फडकं आणि फडक्याची चूल पेटवायची चिंधी इथवर कापडाचा पिच्छा पुरवणारी बाई ती. रस्ता कसा सोडणार? दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी पदर खोचला, दिरांच्या जुन्या कॅनव्हासच्या बुटांत पुढे कापूस कोंबला, खांद्याला भाजीची पिशवी अडकवली आणि बाहेर पडल्या. पिशवी कशाला, असं मी विचारलं. म्हणाल्या, "बाई नुसती पळाली तर लोक दार उघडून बघतात. पिशवी असली की भाजीला चाललीय म्हणून सोडून देतात."

पहिल्या दिवशी त्या शेजारच्या इमारतीच्या फाटकापर्यंत पोचल्या आणि तिथेच फूटपाथच्या कडेला बसल्या. मी वरून बघून धावत खाली गेले. दम खात त्या आपल्या पायांकडे टक लावून बघत होत्या. "पाय तेच आहेत गं," त्या म्हणाल्या, "पण मला ओळखत नाहीत." त्यानंतर आठवडाभर आमच्या जिन्यात बामाचा वास भरून राहिला होता. जाऊबाई कठडा धरून जिना उलट्या उतरायच्या. कुणी विचारलं तर "मागचं दिसतं असं" एवढंच सांगायच्या. पण पायांशी ओळख करून घेणं त्यांनी सोडलं नाही. फाटकानंतर पाण्याची टाकी आली, टाकीनंतर चौक आला, आणि उन्हाळा लागायच्या आत बाई करावे गावाच्या खाडीपर्यंत जाऊन यायला लागल्या.

पिशवीची युक्ती मात्र अंगाशी आली. खांद्याला पिशवी आणि जिवाच्या आकांताने पळणारी बाई म्हटल्यावर पहिल्या बसचा ड्रायव्हर रोज गाडी थांबवायचा. "या ताई, सावकाश चढा." जाऊबाई सांगायच्या, "नको हो, मी पळतेय." तो म्हणायचा, "म्हणून तर थांबवली." असं चार-सहा वेळा झाल्यावर त्यांना त्या भल्या माणसाचं मन मोडवेना. एके दिवशी त्या मुकाट्याने बसमध्ये चढल्या, तुर्भ्याला उतरल्या आणि तिथून पळत घरी आल्या. ती सकाळ त्यांची त्या महिन्यातली सगळ्यात मोठी धाव ठरली, आणि घरी दिरांना चहा इतका उशिरा मिळाला की त्यांनी तो कामावरून आल्यावर घेतला.

करावेच्या वाटेवर त्यांना मासळीची पाटी घेऊन निघालेली एक कोळीण भेटायची. पहिल्या दिवशी तिने पाटी खाली ठेवून यांना अडवलं. "काय गं बाय, कोन लागलाय तुझ्या मागं?"

"कुणी नाही. सहजच पळतेय."

"सहज कोन पलतं? घरात सासू हाय का?"

"होत्या. वारल्या."

"मंग आता कशाला पलतेस?"

जाऊबाई नुसत्या हसल्या आणि पुढे पळाल्या. शाळेत आपण बक्षिसं मिळवली होती, हे त्या परक्या बाईला सांगायलाही त्यांना संकोच वाटला. घरी येऊन मला म्हणाल्या, "प्रश्न बरोबर आहे तिचा. पण पळताना तो आठवत नाही, आणि थांबल्यावर वाटतं, जाऊ दे."

थोरले दीर म्हणजे भिडस्तपणाची कमाल. रस्त्यात चपलेचा अंगठा तुटला तर आधी चारी दिशांना बघून मग वाकायचे. एका रविवारी जेवताना ते पानाकडे बघत म्हणाले, "काल साहेब विचारत होते, घरी सगळं ठीक आहे ना. त्यांना कुणीतरी सांगितलंय, तू रोज पहाटे पिशवी घेऊन पळून जातेस म्हणून."

"रोज परतही येते, ते नाही का सांगितलं?" असं म्हणून जाऊबाईंनी त्यांना आमटी वाढली. विषय तिथेच संपला.

पुढच्या सव्वीस जानेवारीला सोसायटीने खेळांच्या स्पर्धा ठरवल्या. पुरुषांना धावणं, रस्सीखेच. बायकांना लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची. जाऊबाई थेट सेक्रेटरींच्या घरी गेल्या आणि बायकांची धावण्याची शर्यत ठेवा म्हणाल्या. सेक्रेटरी हसले. "वहिनी, ठेवली तर पळणार कोण?" "मी." "एकट्याच?" "मग पहिली तरी येईन." शेवटी चारपाच नावं आणा, मग बघू, असं ठरलं. जाऊबाईंनी तळमजल्यावरच्या दोघींना पकडलं, तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेला तिच्या सासूसमोर विचारून नाही म्हणायची सोय ठेवली नाही, आणि मला तर विचारलंही नाही. पण आदल्या संध्याकाळी त्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि भलत्याच हळू आवाजात म्हणाल्या, "हसतील गं सगळे. हसू देत. पण माझ्यात अजून काही उरलंय की संपलं, ते एकदा कळायला हवं." त्यांना घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

शर्यत मोकळ्या मैदानाला एक फेरी मारायची होती. मी पहिल्या कोपऱ्यापर्यंत पळाले, तिथे एका भल्या गृहस्थांनी खुर्ची दिली, आणि पुढची शर्यत मी बसून पाहिली. जाऊबाई खूप पुढे होत्या. पाठ ताठ, मान वर, बुटांतला कापूस बाहेर आलेला. त्या हसत होत्या की दात आवळून होत्या, लांबून कळेना. वर्तमानपत्रामागे तोंड लपवून उभे असलेले आमचे दीर कधी खुर्चीवर चढले तेही कुणाला कळलं नाही. ते दोन्ही हात हवेत फिरवत "हात हलव, हात हलव" म्हणून सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडत होते. शेवटच्या वळणावर मात्र ती तिसऱ्या मजल्यावरची सून, जिचा आवाज आम्ही कुणी धड ऐकला नव्हता, निऱ्या घोट्याच्या वर धरून अनवाणी आली आणि जाऊबाईंच्या बाजूने वाऱ्यासारखी पुढे निघून गेली.

मी सांत्वनाचे शब्द जुळवत गेले. जाऊबाई घामाने निथळत, कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि चेहरा नुसता फुललेला. "पुढे कुणाच्या तरी टाचा दिसल्या गं," त्या म्हणाल्या. "शाळेत कधी दिसल्याच नव्हत्या. पुढे कुणी असलं की किती बरं वाटतं पळायला." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मुलीच्या सासूला जाऊन म्हणाल्या, "सूनबाईंना माझ्याबरोबर भाजीला पाठवा." ती सासू पुढे वर्षभर मला विचारायची, या दोघी रोज एवढी कुठली भाजी बघतात, जी कधी घरी येत नाही.

वर्षाने त्या मुलीच्या नवऱ्याची बदली झाली. ती दोघं गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी पहाटे माझं दार वाजवलं. "पळू नकोस. नुसती बरोबर चल." आम्ही करावेच्या खाडीपर्यंत चालत गेलो आणि बांधावर बसलो. ओहोटी होती. चिखलात बगळे उभे होते. जाऊबाईंनी बुटांतला कापूस काढून पुन्हा नीट कोंबला. मग म्हणाल्या, "लग्नाच्या आदल्या दिवशी, हळद लागायच्या आधी, मी उठून कृष्णेच्या घाटापर्यंत पळून आले होते. आता पळणं बंद, असं कुणी बोललं नव्हतं. पण मला कळलं होतं. म्हणून परत येताना हळू आले."

"तुम्ही, आणि हळू?"

"तेवढंच एकदा. लवकर संपू नये म्हणून."

मग त्या उठल्या, मला हात देऊन उठवलं, आणि म्हणाल्या, "उद्या पळेन. आज राहू दे." घर येईपर्यंत त्या माझ्या पावलाने चालल्या. वाटेत एकदाही पुढे गेल्या नाहीत.