कन्यादानाच्या दिवशीचे दूध

"थांबा, हात अजून निघालेला नाही," असे ते हसून म्हणत, आणि चहाचा पेला पुढे धरून आपण उभे राहावे. बंगालातल्या बेहाल्यातले आमचे हे शेजारी गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त झालेले. कंपवाताचा असा हात आपणही पाहिला असेल: स्वस्थ असता थरथरणारा, काम सांगितले की थिजणारा.

सत्तरच्या दशकात त्यांच्या बंगाली डॉक्टरांनी परदेशातून आलेल्या नव्या गोळ्या सुरू केल्या. काही आठवड्यांत ते सदऱ्याची बटणे स्वतः लावू लागले.

"मेंदूच्या तळाशी एक द्रव्य असते," डॉक्टरांनी मला समजावले. "हालचालीचा निरोप ते पोचवते. ते आटले, की इच्छा असूनही हात उठत नाही. गोळीतून आपण त्याचे बीज पाठवतो."

इच्छा आणि कृती यांच्यामध्ये असा अदृश्य दूत उभा असतो, हे इतकी शास्त्रे वाचूनही मला ठाऊक नव्हते. मी मनोमन हात जोडले.

पुढे त्यांच्या मुलीचे लग्न ठरले, आणि पौरोहित्य माझ्याकडे आले. कन्यादान स्वतःच करायचे, हा त्यांचा एकच ध्यास. धाकटे भाऊ म्हणाले, "दादा, मी बसतो. पाणी सांडलं तर लोक हसतील."

"हसू देत. बाप मी आहे."

मुहूर्त गोरज होता. सकाळपासून कन्यादानाचा उपवास. त्यांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, प्रत्येक गोळी पेलाभर दुधाबरोबर दिली. "नुसत्या पोटी औषध बाधतं हो!" दुपारी हात पार थिजला. ते मला पुटपुटत म्हणाले, "शास्त्रीबुवा, भावालाच बसवा."

जेवायला आलेल्या डॉक्टरांना दुधाचा पेला दिसला. ते वहिनींना म्हणाले, "बौदी, ये क्या किया!" दुधातले सत्त्व आणि हे औषध एकाच दाराने मेंदूत शिरतात, दुधाने दार अडवले होते. पुढची गोळी त्यांनी नुसत्या पाण्याबरोबर द्यायला लावली.

गोरजावेळी ते पाटावर बसले. वहिनींनी धरलेली पाण्याची धार त्यांच्या स्थिर ओंजळीतून वधूवरांच्या ओंजळीत अखंड उतरत राहिली. एरवी पुटपुटणाऱ्या त्या मुखातून निघालेले "न मम" मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू गेले. मी पुढचा मंत्र म्हणायला घेतला.

काही वर्षांनी गोळ्यांचा गुण ओसरला, आणि ते गेले. मला आठवतो तो विधीनंतरचा क्षण. मुलीने वडिलांचा हात धरला आणि तो थरथरू लागला. वहिनींनी घाबरून डॉक्टरांकडे पाहिले.

डॉक्टर चष्मा पुसत होते. म्हणाले, "बौदी, इसका दवा हमारे पास नहीं है."